वसंत रामजी खानोलकर

वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल १८९५ – २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिवैज्ञानिक व कर्करोग संशोधक होते. भारतातील विकृतिविज्ञानाचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. त्यांचे आडनाव ज्या खानोली गावावरून पडले, ते वेंगुर्ले तालुक्यातील गाव १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे.

शिक्षण व अध्यापन

लंडन विद्यापीठाची विकृतिविज्ञानातील एम.डी. पदवी त्यांनी १९२३ मध्ये मिळवली. पुढे मुंबईच्या ग्रँट व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले. १९४१ मध्ये परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांचे संचालकपद त्यांच्याकडे आले.

कर्करोगविषयक संशोधन

गाठ कोणत्या ऊतकात उगम पावली व कुठवर पसरली हे ठाऊक नसता शस्त्रक्रिया वा किरणोपचार करणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय. त्यासाठी गाठीचा तुकडा मेणात बसवून त्याचे अत्यंत पातळ छेद घेतात व ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. खानोलकर मात्र या निदानापाशी थांबले नाहीत. गाठ नेमकी त्याच जागी का उद्भवली, हा प्रश्न त्यांनी रोग्याच्या राहणीला विचारला. मुखकर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा त्यांचा आढावा १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी सवयींशी निगडित तीन प्रकार वर्णिले. चुना मिसळलेली तंबाखू (खैनी) खालच्या ओठाआड धरून ठेवणाऱ्यांना तेथेच गाठ होई. चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांना टाळूला. आणि धोतराची गाठ जेथे वर्षानुवर्षे काचते त्या कमरेच्या त्वचेवरही कर्करोग आढळला. भारतात हा रोग विरळा, या तेव्हाच्या समजुतीला अशा नोंदींनी छेद दिला. कोकणात मिश्री लावण्याची चाल आजही टिकून असल्याने हे संशोधन जुने झालेले नाही.

कुष्ठरोगाच्या प्रारंभिक अवस्थेतील ऊतकबदलांवरही त्यांनी महत्त्वाचे काम केले.

संस्थात्मक कार्य

१९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक. जीवशास्त्रज्ञ कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली होती. किरणांनी रोग बरा होतो तसा जडतोही. अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीवर खानोलकरांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.