इंदूरची कन्या – डॉ. कमला सोहोनी

डब्यातली उसळ तशीच परत आणणाऱ्यांनी हे चरित्र अवश्य वाचावे. मुलांच्या ताटात काय असावे, याचा प्रयोगशाळेत बसून विचार करणाऱ्या एका थोर शास्त्रज्ञाचा जन्म आपल्याच इंदूरमध्ये झाला होता.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरच्या भागवत कुटुंबात झाला. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या आणि वडील-काका जेथे शिकले त्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. मुलगी आहे एवढ्याच कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला.

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी समक्ष जाऊन कारण विचारले, सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीबेरात्री काम करायचे, आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये. हा अपमान त्या जन्मभर विसरल्या नाहीत. मात्र उत्तर दिले ते कामातून. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर संशोधन केले. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले आणि पुढे संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

त्यानंतर केंब्रिजमध्ये वनस्पतींतील सायटोक्रोम सी या घटकावर काम करून १९३९ साली त्यांनी पीएच.डी. मिळविली. विज्ञानातील पीएच.डी. मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंज महाविद्यालय, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि १९४७ मध्ये विवाह झाल्यानंतर मुंबईची विज्ञान संस्था असा त्यांचा प्रवास झाला. या संस्थेच्या त्या पुढे संचालकही झाल्या.

मुंबईत त्यांनी संशोधनाला गरिबांच्या ताटातले पदार्थ निवडले. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचे पचन अडविणारे घटक असतात, ते शिजवल्यावर बरेचसे निष्प्रभ होतात. अशा घटकांचा त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यास केला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडाच्या ताज्या रसावर, म्हणजे नीरेवर, काम हाती घेतले. आदिवासी भागातील कुपोषित मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्याने प्रकृती सुधारते, असे त्यांना आढळले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत सल्ला दिला. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत राहून त्यांनी अन्नभेसळीविरुद्ध लेखन केले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९७५ साली देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाड्यांतून बालकांना पूरक आहार मिळू लागला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने या आहारातील ऊर्जा व प्रथिने यांचे प्रमाण कायद्यात आणले. २०२३ मध्ये त्यात सूक्ष्म पोषकद्रव्यांचाही विचार झाला. पोट भरले म्हणजे पोषण झाले असे नव्हे, हे मान्य व्हायला एवढा काळ लागला. त्यामागे कमलाबाईंसारख्या अनेकांचे परिश्रम आहेत.

पालकांनाही एक विनंती. महागडी पाकिटे आणण्यापूर्वी मोड आलेले मूग, वरण-भात, दाणे-गूळ आणि ऋतूतील फळे यांची आठवण ठेवावी. आणि मुलींनो, एखादे दार बंद दिसले तर कारण जरूर विचारा. आपल्या गावच्या एका मुलीने ते नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी विचारले होते!