सरदारांची नगरच्या किल्ल्यातील पोटदुखी

अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर) भुईकोट किल्ला म्हटला की पंडित नेहरूंचे ग्रंथलेखन आठवते. याच किल्ल्यात सरदार वल्लभभाई पटेल आतड्याच्या दुखण्याने बेजार होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

वल्लभभाईंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८७५ रोजी नडियाद येथे झाला. १९०९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रियेनंतर पत्नी झवेरबा निवर्तल्या, तेव्हा ते अवघे ३३ वर्षांचे होते. ९ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना अटक करून नगरला आणण्यात आले. कैदेत आतड्याला पेटके येऊन पोटात कळा उठत. अशा विकारात अनेकदा तपासणीत गाठ वा जखम आढळत नाही. म्हणूनच आजही कित्येक रुग्ण उत्तराच्या शोधात दवाखान्यांचे उंबरठे झिजवतात.

जून १९४५ मध्ये सुटका झाल्यावर गांधीजींनी त्यांना पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात नेले आणि स्वतः सोबत राहिले. व्याधीने त्यांचा पिच्छा पुरता सोडला नाही. तरीही पुढे सरदारांनी ५६० हून अधिक संस्थाने भारतात विलीन करून घेतली. १५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.