फिट्स लपवत जगलेल्या एडवर्ड लिअरने जगभरातल्या पोरांना पाच ओळींची कविता दिली

पाच ओळी. पहिली, दुसरी आणि पाचवी लांब, त्यांचं यमक एकच. मधल्या दोन तोकड्या, त्यांचं यमक वेगळं. एक विचित्र माणूस, त्याचं एक विचित्र खूळ आणि संपली कविता.

या प्रकाराला म्हणतात लिमरिक. इंग्रजी शाळांमध्ये पोरांना कविता लिहायला शिकवताना हमखास हाच प्रकार घेतला जातो. तो घरोघरी पोहोचवला एडवर्ड लिअर या माणसाने. त्याच्या कविता वाचून पोरं पोट धरून हसली, पण त्याचं स्वतःचं आयुष्य मात्र हसण्यासारखं नव्हतं.

लिअरचा जन्म १२ मे १८१२ चा, लंडनजवळच्या हॉलोवे गावातला. २१ भावंडांमधला तो २० वा. त्यातली बरीच भावंडं लहानपणीच गेली. वडील शेअर दलाल होते. त्यांचा धंदा बुडाला, घर विस्कटलं आणि चार वर्षांच्या एडवर्डला त्याच्या थोरल्या बहिणीकडे सोपवण्यात आलं. तिचं नाव अ‍ॅन. ती त्याच्यापेक्षा २१ वर्षांनी मोठी. पुढे तीच त्याची आई झाली.

पाच-सहा वर्षांचा असताना त्याला फिट्स येऊ लागल्या. त्या काळात या आजाराची लोकांना भीती वाटायची आणि लाजही. फिट येणार हे त्याला आधी जाणवायचं. मग तो काहीतरी निमित्त काढून खोलीत निघून जायचा. डायरीत फक्त फुलीची खूण करायचा. ही गोष्ट त्याने जन्मभर लपवली. जोडीला दमा, अधू डोळे आणि मधूनच घेरणारी उदासी होतीच.

पण हातात चित्रकला होती. पंधरा-सोळाव्या वर्षापासून तो चित्रं काढून पोट भरू लागला. अठराव्या वर्षी त्याने लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोपट काढायची परवानगी मिळवली. तेव्हा बरेच चित्रकार पेंढा भरलेले पक्षी समोर ठेवून चित्रं काढायचे. लिअर जिवंत पोपटासमोर बसला. १८३० ते १८३२ या काळात त्याची ४२ चित्रं छापून आली. ब्राझीलमधल्या एका निळ्या पोपटाला आजही लिअरचंच नाव आहे.

ही चित्रं बघून डर्बीच्या अर्ल घराण्याने त्याला बोलावून घेतलं. त्यांच्या नोस्ले इथल्या वाड्यावर खाजगी प्राणिसंग्रह होता. दिवसा लिअर प्राणी काढायचा आणि मोकळ्या वेळात वाड्यातल्या पोरांत रमायचा. त्यांच्यासाठी तो विचित्र म्हाताऱ्या-म्हातारींच्या पाच ओळी रचायचा, सोबत वेडंवाकडं चित्र काढायचा.

पाच ओळींचा हा साचा लिअरने शोधलेला नव्हता. १८२० च्या सुमारास इंग्लंडमध्ये अशा पद्यांच्या छोट्या पुस्तिका निघाल्या होत्या. लिअरने तो साचा उचलला आणि स्वतःचा केला. गंमत म्हणजे या प्रकाराला लिमरिक हे नाव रूढ झालं ते त्याच्या शेवटच्या काळात आणि मृत्यूनंतर. तो स्वतः तसं म्हणत नव्हता.

१८४६ साली ७२ पद्यांचं 'अ बुक ऑफ नॉन्सेन्स' आलं, तेही टोपणनावाने. त्याच वर्षी हा माणूस राणी व्हिक्टोरियाला चित्रकला शिकवत होता! १८६१ ची वाढवलेली आवृत्ती त्याने स्वतःच्या नावावर काढली आणि ती तुफान गाजली. पण लिअरने तिचे हक्क १२५ पौंडांत विकून टाकले होते. पुढची कमाई प्रकाशकाची.

नाव छापूनही लोकांना वाटायचं की लिअर नावाचा कुणी माणूसच नाही. कारण इंग्रजीत 'लिअर'ची अक्षरं फिरवली की 'अर्ल' होतं. म्हणजे पुस्तक डर्बीच्या अर्लनेच लिहिलंय, असा तर्क. एकदा आगगाडीत एक गृहस्थ हेच ठासून सांगत होते. समोर बसलेल्या लिअरला शेवटी टोपीवरचं आपलं नाव दाखवून आपण असल्याचं सिद्ध करावं लागलं.

आता त्याच्या पद्यांकडे जरा नीट बघा. कुणाचं नाक लांब, कुणाच्या दाढीत पक्ष्यांची घरटी. आणि आजूबाजूला कायम 'लोक' असतात. नावं ठेवणारे, कधी मारणारे, कधी गावातून हाकलणारे. आपला आजार कळला तर लोक काय म्हणतील या धास्तीत जगलेल्या माणसाने हे लिहिलंय. पोरं हसतात, पण त्यांची बाजू असते त्या विचित्र म्हाताऱ्याकडे.

लिअर आपल्याकडेही येऊन गेलाय. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकच्या निमंत्रणावरून ६१ वर्षांचा लिअर नोव्हेंबर १८७३ मध्ये मुंबईत उतरला. वर्षभर देशभर फिरला, पुण्यातही राहिला, कांचनजंगा रंगवली. इथले शब्द ऐकून त्याने एक कविता केली, 'द कमरबंड'. १८७४ मध्ये ती मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात छापून आली. तिच्यात खानसामे म्हणजे उंच झाडं, चपराशी म्हणजे सोनेरी परांचे मासे आणि कमरबंद म्हणजे बाई गिळणारा राक्षस. शब्दाचा अर्थ बाजूला ठेवून नुसत्या आवाजावर खेळायचं, हीच त्याची युक्ती.

ती मराठीतही चालते. सातारा, म्हातारा, पिसारा ही तीन यमकं लांब ओळींना द्या. टोपी आणि झोपी मधल्या दोन आखूड ओळींना. पहिल्या ओळीत माणूस आणि गाव, दुसरीत त्याचं खूळ, मधल्या दोनमध्ये भानगड, पाचवीत निकाल. अर्थ लागलाच पाहिजे असं नाही, ठेका मात्र चुकता कामा नये. मंगेश पाडगावकरांच्या वात्रटिका वाचलेल्या पोरांना हा खेळ परका वाटणार नाही.

लिअरने लग्न केलं नाही. गसी बेथेल नावाच्या मैत्रिणीला विचारायचं त्याच्या मनात होतं, धीर झाला नाही. शेवटची वर्षं इटलीतल्या सान रेमो गावात गेली. सोबत जुना नोकर जॉर्जिओ आणि फॉस नावाचं मांजर. १८८३ मध्ये जॉर्जिओ गेला, १८८७ मध्ये फॉस. २९ जानेवारी १८८८ ला लिअरही गेला. आयुष्यभर हजारो पत्रं लिहून जोडलेल्या जुन्या मित्रांपैकी एकही अंत्यविधीला पोहोचू शकला नाही.

आज १२ मे हा त्याचा जन्मदिवस लिमरिक दिवस म्हणून साजरा होतो. आणि त्या दिवशी कुठल्या ना कुठल्या वर्गात पोरं एखाद्या विचित्र म्हाताऱ्यासाठी यमक शोधत बसलेली असतात.