अँजेलो द फोन्सेका : चित्रातल्या मरियेला साडी नेसवणारा चित्रकार

नाताळचं चित्र डोळ्यांसमोर आणा. गोठा, गव्हाण, बाळ येशू, शेजारी मरिया आणि योसेफ. आता मरियेचा चेहरा नीट आठवून बघा. बहुतेकांना गोरी, घाऱ्या डोळ्यांची, निळा झगा घातलेली स्त्री दिसेल. बेथलेहेम तर आशियातलं गाव. मग हा चेहरा आला कुठून? तो आला युरोपातल्या चित्रांतून आणि तिथून छापून आलेल्या तसबिरींतून. आपण तो इतका बघितला की तोच खरा वाटू लागला.

साधारण शंभर वर्षांपूर्वी एका गोवेकर तरुणाला हे खटकलं. त्याचं नाव अँजेलो द फोन्सेका. पुढच्या शिक्षणासाठी कुठे जायचं आणि कशासाठी जायचं, हा प्रश्न आपल्यातल्या अनेकांपुढे असतो, म्हणून त्यांची गोष्ट इथे सांगावीशी वाटते.

बेटावरचं बालपण

अँजेलोंचा जन्म १९०२ सालचा, गोव्यातल्या सांत इस्तेव्ह या गावचा. हे गाव म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेलं एक बेट. भाजीपाल्यासाठी, विशेषतः भेंडीसाठी ते आजही नावाजलेलं आहे. घर कॅथलिक, जमीनदार, खाऊन-पिऊन सुखी. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. चर्चमध्ये लॅटिन, सरकारदरबारी पोर्तुगीज आणि घरात-शेतात कोकणी, अशी तिथली रीत.

आपल्या पांढुर्णा-सौसरच्या पोरांना हे समजावून सांगायची गरज नाही. घरात मराठी, तहसीलमध्ये हिंदी आणि नोकरीच्या फॉर्मवर इंग्रजी, हे आपलं रोजचंच आहे. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलाला कधी ना कधी प्रश्न पडतो, यातलं माझं कोणतं?

शाळेसाठी अँजेलो बेळगाव आणि पुण्याला राहिले. नंतर घरच्यांच्या इच्छेप्रमाणे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. मुलगा डॉक्टर होणार, म्हणून घर निश्चिंत झालं. पण मन चित्रांत होतं. त्यांनी डॉक्टरी सोडली आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. त्या काळी हा निर्णय घरी किती जड गेला असेल, ते आज सायन्स सोडून फाइन आर्टला जाऊ म्हणणाऱ्या मुलांना विचारा.

जे. जे.मध्ये काय कमी पडलं?

जे. जे. ही तेव्हाही देशातली नामांकित कलाशाळा होती. ग्लॅडस्टन सॉलोमन हे इंग्रज चित्रकार तिचे प्रमुख होते. समोरचा माणूस हुबेहूब कसा काढायचा, छायाप्रकाश कसा दाखवायचा, शरीराची मापं कशी बसवायची, हे तिथे पक्कं करून घेत. धुरंधरांसारखे मोठे चित्रकार याच शाळेत घडले, तेव्हा तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण अँजेलोंची अडचण वेगळी होती. त्यांना बायबलमधल्या कथा रंगवायच्या होत्या. आजच्या भाषेत बोलायचं तर हे इलस्ट्रेशनचंच काम. आणि इलस्ट्रेशनची एक पंचाईत असते. कथा दुसऱ्याची असते. पात्रं ठरलेली, प्रसंग ठरलेला, शेवटही ठरलेला. त्यातून बायबल म्हणजे हजारो चित्रकारांनी आधीच रंगवून ठेवलेला ग्रंथ. मग नव्या चित्रकाराचं स्वतःचं असं काय उरतं? उरतं ते एवढंच की ही गोष्ट कुठे घडते आहे, कोणाच्या घरात घडते आहे आणि तिच्याकडे कोण बघतं आहे. हात तयार करून देणारी शाळा अँजेलोंना मिळाली होती. या प्रश्नाचं उत्तर शोधायला मात्र त्यांना दुसरीकडे जावं लागणार होतं.

बंगालची वाट

ते बंगालला गेले. तिथे अवनींद्रनाथ टागोर आणि शांतिनिकेतनात नंदलाल बोस हे त्यांचे गुरू झाले. कागदोपत्री याला कोणी पोस्ट-ग्रॅज्युएशन म्हणणार नाही, पण अर्थाने ते तेच होतं. एक कलाशाळा पाहून झाल्यावर, आपल्याला काय सांगायचं आहे ते शोधायला घेतलेलं हे पुढचं शिक्षण होतं.

गुरूही अशाच वाटेने आले होते. अवनींद्रनाथांनी तरुणपणी एका इटालियन आणि एका इंग्रज चित्रकाराकडे युरोपीय पद्धतीचे धडे घेतले होते. नंतर मुघल लघुचित्रं त्यांच्या हाती लागली, जपानी चित्रकारांशी ओळख झाली आणि त्यांनी स्वतःची पद्धत बसवली. तिला वॉश म्हणतात. कागदावर जलरंग लावायचा, वाळू द्यायचा आणि मग अख्खा कागद पाण्यात भिजवायचा. वरवरचा रंग निघून जातो, उरलेला कागदात मुरतो. त्यावर पुन्हा रंग, पुन्हा पाणी. असं अनेकदा केलं की चित्रावर धुक्यासारखा एक मऊपणा येतो. घाईच्या माणसाचं हे काम नाही.

नंदलालांनी तरुणपणी अजिंठ्याला राहून तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या होत्या. कलाभवनात ते मुलांना वर्गात कोंडून ठेवत नसत. झाडं, गुरं, बाजार, संथाळांची घरं बघा आणि काढा, ही त्यांची रीत. ते स्वतः हिंडता-फिरता पोस्टकार्डांवर स्केचेस करत. रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या मुलांच्या पुस्तकासाठी चित्रं त्यांनीच काढली आणि पुढे भारताच्या संविधानाच्या मूळ हस्तलिखिताची सजावटही त्यांच्याच देखरेखीखाली झाली. त्या कामात आपल्या जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा होते, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं.

इथे अँजेलोंना नवं तंत्र मिळालं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मोकळीक मिळाली. आपल्या आजूबाजूची माणसं, त्यांचं बसणं-उठणं, त्यांचे कपडे हे सगळं मोठ्या चित्राला शोभतं, असं तिथे कोणीतरी मानत होतं. शिक्षण संपत आलं तेव्हा अवनींद्रनाथांनी त्यांना गोव्याला परत जाऊन तिथली चर्चेस रंगवायला सांगितलं, असं सांगितलं जातं. म्हणजे बंगाली गुरूने गोवेकर शिष्याला बंगाली करून ठेवलं नाही, त्याला त्याच्या घरी पाठवलं.

घरी परत, आणि पुन्हा घराबाहेर

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला फोन्सेका गोव्यात परतले आणि कामाला लागले. त्यांच्या चित्रातली मरिया सावळी होती, साडी नेसलेली होती. ती आपल्या बायांसारखी जमिनीवर बसायची, अनवाणी चालायची. बाळही आपल्याकडच्या बाळासारखंच.

गोव्यात यावर नाराजी उसळली. देवाच्या आईला हिंदू देवीसारखं दाखवलं, असा सूर निघाला. आज आपल्याला हे चमत्कारिक वाटेल, पण त्यामागचं कारण समजून घेतलं पाहिजे. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय चालू होतं. ख्रिस्ती झालेल्यांनी जुना पेहराव, जुन्या चालीरीती, लग्नाची गाणी हे सगळं टाकावं, अशी सक्ती होती. इतक्या पिढ्या धाकात गेल्यावर साडी म्हणजे जुना धर्म आणि झगा म्हणजे नवा, हे लोकांच्या मनात घट्ट बसलं. फोन्सेकांनी नेमक्या त्याच गाठीला हात घातला.

आपल्या साहित्य मंडळाला इथे आणखी एक गोष्ट आठवायला हवी. शब्दांत हे काम फार आधी झालं होतं. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातच, रायतूर इथे छापलं गेलं. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणली. म्हणजे मराठी कानाला ओवी-अभंगातला ख्रिस्त चालत होता. गोव्यातल्या डोळ्यांना मात्र साडीतली मरिया चालेना.

फोन्सेकांपुढे दोन रस्ते होते. गिऱ्हाइकाला आवडेल अशी युरोपी धाटणीची चित्रं काढायची, हात तर तयार होताच. नाहीतर गाव सोडायचं. त्यांनी गाव सोडलं.

पुण्याचा आश्रम

पुण्यात शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा संघाचा आश्रम होता. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी तो सुरू केला होता. इंग्रज आणि भारतीय तिथे एकत्र राहत, खादी वापरत, जमिनीवर बसून जेवत. याच आश्रमातून वेरियर एल्विन पुढे आपल्या मध्य प्रदेशात, मंडल्याच्या गोंड मुलखात गेले. या जागेत कॅथलिक फोन्सेकांना आसरा मिळाला आणि पुढची अनेक वर्षं त्यांनी तिथे काम केलं. स्वतःच्या पंथाचे लोक नाराज आणि दुसऱ्या पंथाच्या आश्रमात राहायला जागा, असा तो प्रकार होता.

पण त्यांच्या पंथातही पाठीराखे होतेच. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास हे त्यातले मोठे नाव. ते स्पॅनिश जेझुइट. भारतातली ख्रिस्ती कला भारतीयच असली पाहिजे, असं त्यांचं ठाम मत होतं आणि फोन्सेकांना त्यांनी सतत काम आणि प्रोत्साहन दिलं.

१९५१ साली फोन्सेकांचं आयव्ही यांच्याशी लग्न झालं. त्यांना एक मुलगी झाली. लग्नानंतरच्या कितीतरी चित्रांत मरियेचा चेहरा आयव्हींचा आहे. ज्या चित्रकाराने पवित्र गोष्ट आपल्या घरात घडताना पाहिली, त्याने ती शेवटी अगदी स्वतःच्याच घरात आणली.

कोणी विचारेल, वॉशचं तंत्र बंगालचं, मग यात स्वतःचं ते काय? शंका रास्त आहे. सुरुवातीच्या कामावर गुरूंची छाप असते, ती कोणाचीच चुकत नाही. पण त्या तंत्रात काय सांगायचं, हे फोन्सेकांनी कोणाकडून उसनं घेतलं नाही. एकच विषय ते वर्षानुवर्षं काढत राहिले. देवदूताचा निरोप, बाळाचा जन्म, मिसरला पळून जाणं, हे प्रसंग पुन्हा पुन्हा. आपला सूर असा एका चित्रात सापडत नाही, तेच ते काढता काढता तो हातात बसतो.

शेवटची वर्षं

१९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. उपासना लोकांच्या भाषेत व्हावी, प्रत्येक देशाच्या संस्कृतीला चर्चमध्ये मान मिळावा, अशी भूमिका तिथे घेतली गेली. फोन्सेका तीस वर्षं जे रंगवत होते, त्याला आता जगभरच्या चर्चचा दुजोरा मिळाला. पण ते सुख त्यांना फार दिवस लाभलं नाही. २८ डिसेंबर १९६७ रोजी, नाताळनंतर तीनच दिवसांनी, मेंदूज्वराने पुण्यात त्यांचं निधन झालं.

आयव्हींनी चित्रांचा साठा जपला. पुढे तो गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या जेझुइट संस्थेकडे सोपवला. ज्या गोव्याने चित्रकाराला जाऊ दिलं, तिथेच त्याची चित्रं परत आली.

आपल्यासाठी

आपल्या भागातून दरवर्षी कितीतरी मुलंमुली बारावी किंवा बी.ए. करून नागपूर, भोपाळ, इंदूरची वाट धरतात. त्यातल्या काहींना चित्रकलेत, इलस्ट्रेशनमध्ये पुढे शिकायचं असतं. तिथे गेल्यावर सॉफ्टवेअर येईल, हात सफाईदार होईल, डिग्रीही मिळेल. पण आपलं काय सांगायचं ते कोणताही कोर्स देत नाही. चांगला गुरू फार तर ते कुठे शोधायचं ते दाखवतो, आणि बहुतेक वेळा तो बोट करतो आपल्याच गावाकडे.

मंडळात जे चित्र काढतात त्यांनी एकदा करून बघावं. येशूजन्माचा प्रसंग घ्या आणि तो पांढुर्ण्यात घडतो आहे असं समजा. गोठा आपल्या शेतातला, बाजूला कपाशीचा ढीग, मागे संत्र्याची झाडं, पोळ्याला सजवतो तसा बैल, लांबवर जाम नदी. मरिया कोणाच्या तरी मावशीसारखी, लुगडं नेसलेली. मेंढपाळ म्हणून आपल्याच आठवडी बाजारातली माणसं. काढायला बसलात की लक्षात येईल, यातलं कितीतरी आपण रोज बघतो, पण नीट कधी पाहिलेलंच नाही. फोन्सेकांना ते पाहायला सांत इस्तेव्हहून शांतिनिकेतनपर्यंत जावं लागलं. आपल्याला कदाचित नदीच्या पुलापर्यंत गेलं तरी सुरुवात करता येईल.