सांडव्यावरून वाहून जाणारं पाणी

15 सप्टेंबर आला की आपल्या कॉलेजात इंजिनिअर्स डे साजरा होतो. हार घातलेला फोटो, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचं भाषण आणि शेवटी चहा-समोसा! पहिल्या वर्षी मीही समोशापुरताच गेलो होतो, खोटं कशाला बोलू? फोटोतला तो म्हैसुरी फेटा बांधलेला माणूस म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, एवढंच माहीत होतं. जनरल नॉलेजचा एक मार्क!

पण मी लातूरचा. एप्रिल 2016 मध्ये आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हा मी शाळेत होतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि पाणी भरण्याच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. रात्री अडीचला टँकर आला की आई उठवायची, आणि मी झोपेतच घागर घेऊन पळायचो. पहिली पाणीगाडी आली तेव्हा सगळं गाव खूश झालं. मीही झालो.

सेकंड इयरला सिव्हिलमध्ये पाणीपुरवठा शिकताना सहज त्या गाडीचं गणित मांडलं. दहा वाघिणी, प्रत्येकीत साधारण 50 हजार लिटर. म्हणजे पाच लाख लिटर. 2011 च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर. आपल्या पुस्तकात शहरी माणसाला दिवसाला 135 लिटर धरतात. म्हणजे शहराची रोजची गरज पाच कोटी लिटर, आणि गाडीत त्याचा शंभरावा हिस्सा! पुढे वाघिणी वाढून 50 झाल्या, तरी ते माणशी सहा-सात लिटरच. गाडीने जीव वाचवले, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण त्या रात्री एक प्रश्न डोक्यात शिरला. दुष्काळ पडल्यावर जे करतो त्याला नियोजन म्हणायचं का? मग खरं नियोजन कधी करायचं?

उत्तर मला त्या फोटोतल्या माणसाकडे मिळालं.

विश्वेश्वरय्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील संस्कृतचे पंडित, पण घरची गरिबी. ते लहान असतानाच वडील वारले. शिकवण्या करत त्यांनी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून 1881 मध्ये बी. ए. केलं. मग म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते पुण्यात आले, कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत. 1883 मध्ये मुंबई इलाख्यात पहिले आले, आणि 1884 मध्ये सरकारी बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून नाशिकला रुजू झाले. म्हणजे त्यांची इंजिनिअरिंगची पाटी गिरवली गेली ती आपल्या महाराष्ट्रात!

1893 मध्ये त्यांना सिंधमध्ये सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी पाठवलं. गंमत बघा, शहर सिंधू नदीच्या काठावर, पाणी अफाट, पण गढूळ. पिण्याजोगं पाणी नाही, म्हणजे टंचाईच की! त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूतून झिरपत येणारं पाणी आपोआप गाळलं जातं, तेच वर चढवून शहराला दिलं.

1899 मध्ये ते पुणे जिल्ह्याचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झाले. काळ कसा होता? 1896-97 चा दुष्काळ नुकताच सोसलेला आणि लगेच 1899-1900 चा पडलेला. पुणे शहर आणि लष्कराचं पाणी यायचं खडकवासल्याच्या धरणातून. त्या तलावाला तेव्हा फाइफ लेक म्हणत. त्यातूनच मुठा कालव्याने शेतीलाही पाणी जायचं. दोन्हीकडची मागणी वाढत होती आणि उन्हाळ्यात तलाव पुरत नव्हता.

आता असा प्रश्न आपल्याला परीक्षेत आला तर आपण काय लिहू? धरणाची उंची वाढवा, नाहीतर नवं धरण बांधा. पण खर्च किती, वेळ किती, जुनी भिंत वाढीव भार पेलणार का? विश्वेश्वरय्यांनी वेगळ्याच ठिकाणी पाहिलं. उन्हाळ्यातल्या कोरड्या तळाकडे न बघता त्यांनी पावसाळ्यातल्या सांडव्याकडे बघितलं. दरवर्षी पुराच्या वेळी सांडव्यावरून सहा ते आठ फूट उंचीचं पाणी वाहून जायचं. जी भिंत दरवर्षी तेवढं पाणी सोसते, तिच्या सांडव्यावर तेवढंच पाणी अडवून ठेवलं तर?

त्यातून त्यांचे स्वयंचलित दरवाजे जन्माला आले. हे दरवाजे ठरलेल्या पातळीपर्यंत पाणी अडवायचे. पातळी त्याच्या वर चढू लागली की पाण्याच्याच जोरावर आपोआप उघडायचे, आणि पूर ओसरला की पुन्हा बंद व्हायचे. मध्यरात्री पूर आला तरी चावी फिरवायला माणूस धावायला नको. 1903 च्या सुमारास हे दरवाजे बसले आणि धरणाची भिंत न वाढवता साठा सुमारे पाव हिश्श्याने वाढला. त्यांनी या रचनेचं पेटंट घेतलं, पण सरकारकडून रॉयल्टी घेतली नाही. सरकारी नोकरीत केलेलं काम आहे, त्यावर पैसे कसे घ्यायचे, अशी त्यांची भूमिका होती. (आपल्याकडे प्रोजेक्ट ग्रुपमध्ये नाव कुणाचं आधी, यावरून भांडणं होतात, ते जाऊ द्या!)

पण नुसता साठा वाढवून भागत नाही. भांडं मोठं झालं की हातही सैल सुटतो. त्याच काळात नीरा कालव्यावर वरच्या अंगाचे शेतकरी उसाला भरमसाट पाणी द्यायचे, तिथे जमिनी पाणथळ व्हायच्या, आणि कालव्याच्या शेपटाकडची गावं कोरडी राहायची. विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. लाभक्षेत्राचे ठराविक तुकडे पाडायचे, त्यात उसाचं क्षेत्र मर्यादित ठेवायचं, बाकी कमी पाण्याची पिकं घ्यायची आणि पाळीपाळीने पाणी द्यायचं. विरोध झाला, वर्तमानपत्रांतूनही टीका झाली. त्यांनी शेतकऱ्यांशी बोलून, आकडे मांडून ती पद्धत गळी उतरवली. मला वाटतं, दरवाज्यांपेक्षा हे काम अवघड होतं. लोखंड गणिताप्रमाणे वागतं, माणसं वागत नाहीत!

पुढे 1906 मध्ये त्यांना एडनला पाठवण्यात आलं. तिथे वर्षाला जेमतेम काही इंच पाऊस. त्यांनी आसपास फिरून सुमारे 18 मैलांवरच्या लाहेजकडच्या नदीच्या वाळूतलं पाणी शहराला आणायची योजना दिली. 28 सप्टेंबर 1908 ला हैदराबादेत मुसी नदीने हाहाकार माजवला. निजामाच्या सरकारने त्यांना बोलावलं ते पुरासाठी. त्यांनी शहराच्या वर धरणं सुचवली. त्यातून पुढे उस्मानसागर (1920) आणि हिमायतसागर (1927) झाले. पूर अडला, आणि त्याच पाण्यावर हैदराबादची कित्येक वर्षं तहान भागली. पूर आणि दुष्काळ हे दोन वेगळे विषय नाहीत, हे मला इथे समजलं. सप्टेंबरात जे पाणी संकट असतं तेच मे महिन्यात हवं असतं. मधल्या आठ महिन्यांचा हिशोब म्हणजेच नियोजन.

नंतर ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले, 1912 ते 1918 दिवाण होते, कृष्णराजसागर धरण उभं केलं, 1955 मध्ये भारतरत्न मिळालं. हे सगळं आपल्याला पाठ असतं. पण एक गोष्ट भाषणांत कोणी सांगत नाही. 12 जुलै 1961 ला पानशेतचं नवं धरण फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं. पुणं बुडालं, आणि पूर ओसरल्यावर त्याच पुण्यात प्यायला पाणी नव्हतं! लोकांना जुन्या वाड्यांतले आड, विहिरी आणि हौद आठवले. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीच्या घरात होते. 14 एप्रिल 1962 ला ते गेले. खडकवासल्यावर आज दिसतात ते दरवाजे नंतरचे आहेत.

एकाच धरणावर शहर टांगलं की काय होतं, हा धडा पुण्याने पुरात शिकला आणि लातूरने दुष्काळात. जुने आड बुजवताना आपण ते विसरतो.

आज पुण्याला चार धरणांचं पाणी आहे. तरी पाऊस लांबला की पेपरात टीएमसीचे आकडे येतात, पाणीकपातीची चर्चा होते, आणि पहिली सर आली की सगळे विसरतात. मागच्या जुलैत मी मित्रांबरोबर खडकवासल्याला गेलो होतो. दरवाजे उघडलेले, पाणी फेसाळत खाली जात होतं. मित्र फोटो काढत होते, कणीस खात होते. मी मात्र मनातल्या मनात किती क्युसेक आणि किती लिटर हे मोजत होतो. लातूरला त्या पाण्याच्या किती गाड्या झाल्या असत्या!

यंदा इंजिनिअर्स डेला मी समोशासाठी जाणार नाही. (समोसा खाणार, तो भाग वेगळा.) त्या फोटोसमोर दोन मिनिटं उभा राहणार आहे. आणि हॉस्टेलच्या टाकीवरून रोज सकाळी ओसंडून जाणारं पाणी? त्या टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह बसवायचा अर्ज मी आणि माझ्या रूम पार्टनरने लिहून ठेवला आहे. पाणी वर चढलं की आपोआप बंद! कल्पना कुणाकडून उचलली, हे सांगायला नकोच.