सचिनचा तह आणि समुद्राचे दार

सुरतेहून मुंबईकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात सचिनचे स्थानक ओलांडते. गिरण्या, यंत्रमाग आणि औद्योगिक वसाहत यांपलीकडे या गावाची ओळख आज प्रवाशाला नसते. परंतु 1791 साली हाच मुलूख कोकणातील एका अजिंक्य जलदुर्गाच्या मोबदल्यात मोजून देण्यात आला होता, आणि देणारे होते पेशवाईचे सूत्रधार नाना फडणवीस. जवळच, तापीच्या मुखाशी असलेल्या हजिऱ्याला 2005 पासून नैसर्गिक वायूची जहाजे लागतात; तेथील वायूच्या धक्क्याची व बंदर कंपनीची संपूर्ण मालकी 2019 मध्ये शेल या परदेशी कंपनीकडे गेली. परकीयांच्या हाती बंदरे द्यावीत काय, हा वाद त्यामुळे दूरच्या देशांतला राहिलेला नाही. या प्रसंगी नानांच्या चरित्राची उजळणी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म 1742 साली साताऱ्यास झाला. घराणे मात्र बाणकोटजवळच्या वेळासचे. जंजिरेकर सिद्दीच्या जाचापायी श्रीवर्धनच्या भटांबरोबर भानूंनीही घाट चढला, असे परंपरा सांगते. नाना चौदा वर्षांचे असताना, 1756 मध्ये, पेशव्यांनी इंग्रजांच्या साह्याने विजयदुर्गापुढे तुळाजी आंग्र्यांचे आरमार नष्ट केले. घरचे भांडण मिटविण्यासाठी बाहेरचे हत्यार वापरले गेले, आणि मराठ्यांची सागरी शक्ती आपल्याच हातांनी आगीत गेली. वेळासच्या शेजारचे बाणकोट त्याच वर्षीच्या तहाने इंग्रजांकडे राहिले. पुढे 1761 मध्ये पानिपतावरून नाना कसेबसे जिवंत परतले; मातोश्रींना मात्र ते त्या रणधुमाळीत कायमचे मुकले.

नारायणरावांच्या वधानंतर बारभाईंनी कारभार हाती घेतला. इंग्रजांनी 1774 च्या अखेरीस साष्टी घेतली होतीच. मार्च 1775 मध्ये राघोबादादांनी सुरतेच्या तहाने साष्टी आणि वसई इंग्रजांस लिहून दिली. एका पुरुषाच्या गादीच्या हव्यासाची किंमत मुंबईच्या दाराशी असलेल्या मुलखाने चुकती व्हावयाची होती. नानांनी तो तह मानला नाही. 1779 मध्ये वडगावला इंग्रजी फौजेस मान तुकवावी लागली. 1782 च्या सालबाईच्या तहाने वसई परत आली. साष्टी मात्र गेली ती गेलीच.

याच काळात, 1777 साली, सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यास आला. चौलचे बंदर फ्रेंचांस मिळणार, या वार्तेने मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. नानांनी ती भीती मुरू दिली, तिचा राजकारणात उपयोग केला आणि पुढच्या वर्षी वकिलाला निरोप दिला. एका परकीयाला शह देण्यासाठी दुसऱ्याचा उपयोग करावा, पण त्याच्या हाती किल्ली देऊ नये, एवढा विवेक त्यांच्यापाशी होता.

मग सचिनचा तह झाला. जंजिऱ्याच्या गादीवरून सिद्द्यांत तंटा लागला. वारस बाळू मियाँ बाहेर पडून पुणे दरबारच्या आश्रयास आला आणि सिद्दी जौहर किल्ल्यात पाय रोवून बसला. इंग्रजांच्या संमतीने 1791 मध्ये बाळू मियाँने आपला हक्क पेशव्यांस दिला आणि वार्षिक पाऊण लाखाच्या उत्पन्नाचा सुरतेजवळील मुलूख घेतला. सचिन संस्थान जन्मास आले व 1948 पर्यंत टिकले. जंजिरा मात्र पेशव्यांच्या हाती कधीच आला नाही. कागद पुण्यात होता, किल्ला समुद्रात होता, आणि दोहोंना जोडणारे आरमार कधीच जळून गेले होते.

1800 साली नानांचा देहान्त झाला. दुसऱ्या बाजीरावाने 1802 मध्ये त्याच वसईत तैनाती फौजेचा तह करून उरलेले स्वातंत्र्यही गहाण टाकले. नाना निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. हयातभर मुत्सद्देगिरीने समुद्र राखू पाहणाऱ्या या पुरुषाने गलबते बांधण्याचा उद्योग मनावर घेतला नाही, हे त्यांच्या कारभाराचे मोठे न्यून होय.

आजच्या वादास हे चरित्र दोन्ही बाजूंनी उत्तर देते. परकीय भांडवल आले म्हणजे देश बुडाला, हे खरे नव्हे. न्हावा शेव्याच्या धक्क्यावर 1999 पासून खासगी परदेशी व्यवस्थापन आहे आणि त्यामुळे व्यापार वाढला. पण त्याच धक्क्याची ब्रिटिश चालक कंपनी 2006 मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डने विकत घेतली. करार एकाशी झाला, भागीदार दुसराच निघाला. याच व्यवहारावरून अमेरिकेत गदारोळ होऊन तेथील धक्के त्या कंपनीस विकावे लागले. श्रीलंकेचे हंबनटोटा 2017 मध्ये चिनी कंपनीकडे 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने गेले. म्हणून मालकी बदलताना सरकारची पूर्वसंमती, ठराविक मुदतीनंतर बंदर परत मिळण्याचा हक्क, आणि संकटकाळी नौदलास मोकळा प्रवेश, ही कलमे करारात हवीत.

परंतु कलमांवरच विसंबणारा पुन्हा सचिनचाच तह करील. 1993 मध्ये श्रीवर्धनजवळ शेखाडीस स्फोटके उतरली, ती कोणा परदेशी कंपनीच्या धक्क्यावर नव्हे; आपल्याच किनाऱ्यावर, आपल्याच लाचखाऊ माणसांच्या संगनमताने. 2008 चे मारेकरीही समुद्रमार्गेच मुंबईत शिरले. कोळीवाड्यातील सावध नजर, तटरक्षक दलाच्या गस्ती नौका आणि जकातीच्या नाक्यावरील प्रामाणिक शिपाई नसेल, तर मालकीचा दस्त कोणाच्याही नावे असो, दार उघडेच राहते. नानांनी जंजिऱ्याचा कागद मिळविला आणि जंजिरा गमावला. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपण सर्वांनी सरकारकडे आधी गस्तीचा हिशेब मागावा, कराराचा त्यानंतर.