बाळ का गेलं, हे विचारणाऱ्या ज्युलियाबाई

तान्हं बाळ दगावलं की आपल्याकडे दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक तर नशीब, नाहीतर आईचं दुर्लक्ष. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतही फार वेगळं नव्हतं. तिथं एका बाईनं या मृत्यूंची रीतसर चौकशी सुरू केली. त्यांचं नाव ज्युलिया लॅथ्रॉप.

त्यांचा जन्म १८५८ सालचा, इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड गावचा. वडील वकील, आई स्त्रियांच्या मताधिकाराची पुरस्कर्ती. १८८० मध्ये त्या पदवीधर झाल्या, काही वर्षं वडिलांच्या कचेरीत काम केलं. १८९० मध्ये शिकागोच्या 'हल हाऊस' या सेवाकेंद्रात राहायला गेल्या. आजूबाजूला परदेशातून पोटासाठी आलेल्या गरिबांची वस्ती. घरोघर जाऊन विचारपूस करायची सवय तिथंच लागली. लग्न त्यांनी केलं नाही.

१९१२ मध्ये अमेरिकी सरकारनं मुलांसाठी स्वतंत्र खातं काढलं आणि त्याच्या प्रमुखपदी ज्युलियाबाईंना नेमलं. असं पद मिळालेल्या त्या देशातल्या पहिल्याच स्त्री. हाताखाली माणसं मोजकी, पैसा तुटपुंजा. तरी त्यांनी पहिलं काम निवडलं ते तान्ह्या बाळांच्या मृत्यूचं.

१९१३ मध्ये त्यांच्या कार्यकर्त्या पोलादाचे कारखाने असलेल्या जॉन्स्टाऊन शहरात गेल्या. १९११ मध्ये तिथं जन्मलेली बाळं शोधायची होती, पण जन्मनोंदी अपुऱ्या. मग चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी धुंडाळल्या. ज्यांची बाळं गेली त्या आयांशी बोलल्या, आणि ज्यांची जगली त्यांच्याशीही. दूध कोणतं पाजलं, पाणी कुठून आणता, नवऱ्याची कमाई किती, सगळं विचारलं.

काय निघालं त्यातून? शहरात हजारामागे १३४ बाळं वर्षाच्या आत जात होती. सर्वांत गरीब वस्तीत मात्र २७१! बापाची कमाई कमी, पाणी बाहेरून आणावं लागतं, अशा घरांत मृत्यू जास्त. माया काही एका वस्तीत कमी आणि दुसरीत जास्त नव्हती. फरक होता पाण्याचा, गटारांचा आणि पगाराचा.

पुढं इतर शहरांतही अशा पाहण्या झाल्या, जन्मनोंदणीची मोहीम निघाली. ज्युलियाबाईंनी मांडलेल्या कल्पनेतून १९२१ मध्ये आई-बाळाच्या आरोग्यासाठी सरकारी पैसा देणारा कायदा झाला. १९३२ मध्ये त्या गेल्या.

मैत्रिणींनो, आपल्या देशातही २०१४ पासून बालमृत्यूच्या चौकशीच्या मार्गदर्शक सूचना आहेत. आशाताई, नर्सबाई अशा घरी येऊन विचारतात. त्या दुःखात बोलणं जड जातं, खरंच. पण दवाखान्यात पोचायला उशीर का झाला, गाडी मिळाली का, हे त्यांना सांगायलाच हवं. आणि त्या घरातल्या सुनेला बोल लावण्याआधी आपल्या गल्लीतलं गटार बघून यावं. पुढचं बाळ त्याच गल्लीत जन्माला येणार आहे.